भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

डिस्चार्जच्या गडबडीत तुमची भेट राहून गेली. सर्जनसाहेबांना सगळे भेटतात, पेढे देतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव पेशंटला कळतं ते बिलावर. म्हणून हे जाहीर पत्र.

माझं सिझेरियन २०१२ सालचं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. भूल उतरल्यावर रात्रभर कण्हत होते, तर "बाईच्या जातीला एवढं सोसायला नको का?" असं ऐकवलं गेलं, आणि तेही एका बाईकडूनच. खोकला आला की टाके उसवतील असं वाटे, म्हणून श्वासही चोरून घ्यायची. बाळाला जवळ घ्यायची धास्ती वाटायची, हे तर आईलाही सांगितलं नव्हतं. आता फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भपिशवीतल्या गाठीमुळे, पिशवी काढायची, तीही पोट उघडून, असं ठरलं तेव्हा मी किती चालढकल केली ते घरचेच जाणोत.

आदल्या संध्याकाळी तुम्ही आलात आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "मागच्या वेळी खूप दुखलं होतं का?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं हो.

ऑपरेशन संपलं तेव्हा कमरेतली भूल अजून होती. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत तुम्ही पोटाच्या दोन्ही बाजूंना, स्नायूंच्या दोन थरांच्या मधोमध, औषध सोडलंत. तिथून पोटाच्या भिंतीच्या नसा जातात म्हणे, त्या बधिर करायच्या, यालाच 'ब्लॉक' म्हणतात. मला दाखवलंत, पण खरं सांगते, राखाडी पट्ट्यांपलीकडे काही दिसलं नाही. "टाक्यांचं दुखणं यानं बरंच कमी होईल. आतली कळ थोडी राहील, तिला वेगळं औषध देऊ," म्हणालात. अगदी तसंच झालं. 'काही दुखणार नाही' असं गोड बोलला असतात, तर पहिल्याच कळेला तुमच्यावरचा विश्वास उडाला असता.

पण माझ्या मनात घर करून आहे ती एक चिकटपट्टी. जाताना तुम्ही सलाईनच्या स्टँडवर पट्टी चिकटवून पेनानं लिहिलंत: "पहाटे ब्लॉक उतरेल. त्याआधी पॅरासिटामॉल. दुखो वा न दुखो." रात्रपाळीच्या सिस्टरनी ती वाचली आणि मी हाक मारायच्या आत बाटली लावली. मला विनवण्या कराव्या लागल्या नाहीत. सकाळी पोटाला उशी धरून खोकले, श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्रही ओढलं, आणि दुपारी भिंत धरून बाथरूमपर्यंत गेले.

घरी आल्यावर लेकीनं शोधून वाचून दाखवलं. पोटाचा हा ब्लॉक रफी नावाच्या डॉक्टरांनी २००१ साली मांडला, तेव्हा कमरेजवळची जागा हातानं चाचपून सुई घालत. सोनोग्राफीची जोड पुढच्या काही वर्षांत मिळाली. म्हणजे माझ्या सिझेरियनच्या वेळी हे जगाला ठाऊक होतं. त्या हॉस्पिटलात मशीन नसेल, शिकलेलं माणूस नसेल, मान्य. पण "दुखतंय का?" एवढं विचारायला कुठलं मशीन लागत होतं?

वयानं तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. तरी दोन्ही वेळा आलात तेव्हा स्टूल ओढून बसलात, दारातून फाईल चाळून गेला नाहीत. माणुसकी म्हणतात ती अशीच असते, तिचा वेगळा चार्ज बिलात नव्हता.

लेकीबरोबर पेढे पाठवते आहे. अर्धे त्या रात्रपाळीच्या सिस्टरना द्या, त्यांचं नाव विचारायचं राहिलं.

आपली,
खिडकीजवळच्या कॉटवरची पेशंट