'घाम' म्हणजे ऊन

निशी-कासाई, तोक्यो
रविवार, रात्र

प्रिय सये,

फोनवर तू 'पुढे काय, पुढे काय' करतेस आणि पुढचं मलाच अजून सुचलेलं नाही, म्हणून पत्र लिहितेय. मी कादंबरी लिहायला घेतलीय. प्रेमाची, हलकीफुलकी आणि शेवटी दोघं एकत्र येणारी!

परदेशात एकट्या पडलेल्या माणसांचं आपण जे वाचत आलो ते सगळं रडवणारंच. ते खोटं नाही गं. पण इथला एकटेपणा रोज रडवत नाही, तो बारीकसारीक गोष्टींतून येतो. कचऱ्याचा वार चुकतो आणि पिशवी घरातच राहते. ट्रेनमध्ये कुणी फोनवर बोलत नाही. मग शनिवारी संध्याकाळी दुकानात 'आरिगातो' म्हणताना आवाज घोगरा येतो, तेव्हा कळतं की कालपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. अशा माणसाला कुणी 'जेवलीस का' म्हणून विचारलं, तर माझ्या मते तिथेच गोष्ट सुरू होते.

नायिका सांगलीची, संगणकवाली. 2000च्या सुमारास आपले लोक याच कामासाठी इथे यायला लागले. इथली तोझाई मेट्रो लाइन थेट ओतेमाचीच्या ऑफिसांपर्यंत जाते, आणि यूआर या निमसरकारी संस्थेच्या भाड्याच्या घरांना जामीनदार लागत नाही. परक्या मुलखात जामीनदार कुठून आणणार? योगेंद्र पुराणिक तर 2019 साली इथल्या एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडूनही आले. म्हणजे आपली माणसं आहेत. तरी ती एकटी आहे, कारण सगळ्यांचे संसार आहेत आणि हिचा एकटीचा कुकर.

नायक नेपाळी, आचारी. इथली कितीतरी 'इंडियन' हॉटेलं नेपाळी लोकच चालवतात. आणि मला ज्यातून कादंबरी सापडली ती गोष्ट म्हणजे दोघांची लिपी एकच, देवनागरी! सगळ्या तोक्योत तिला न अडखळता वाचता येईल असं हस्ताक्षर त्याचंच. तो पार्सलवर चिठ्ठी लावतो, 'आज घाम लाग्यो'. हिला वाटतं, बिचारा तंदूरपाशी घामाघूम होतोय. दुसऱ्या दिवशी ती त्याला पंचा नेऊन देते. नेपाळीत 'घाम' म्हणजे ऊन. जूनच्या पावसाळ्यात कित्येक दिवसांनी ऊन पडलं, एवढंच त्याला कुणालातरी सांगायचं होतं. तो पंचा मात्र तो जपून ठेवतो.

मग येतो 'माया' हा शब्द. त्यांच्याकडे 'माया गर्छु' म्हणजे थेट प्रेम. आपल्याकडे माया करते ती आजी. ती चिठ्ठी वाचून ही हिरमुसते, आणि तीन प्रकरणं तशीच जातात. लिहिताना माझे डोळे भरून आले, सये. किती जवळचे शब्द, आणि किती थोडक्यात हुकतात!

दोघं रात्री दहाला घरी फोन लावतात. सांगलीत तेव्हा साडेसहा, दिवेलागणीची वेळ. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त पंधरा मिनिटं पुढे. त्याची आई दिवा लावून मोकळी झालेली असते, हिची वाती करत असते. त्या पंधरा मिनिटांवर मी एक अख्खं प्रकरण लिहिलंय आणि ते मला सगळ्यात आवडतं.

शेवट कासाई रिन्काई पार्कातल्या 117 मीटर उंचीच्या पाळण्यात. आकाश स्वच्छ असलं की तिथून फुजी दिसतो. जपानी माणसं प्रेम गृहीत धरत नाहीत, 'त्सुकिआत्ते कुदासाइ', म्हणजे 'माझ्याशी जोडी जमवशील का', असं समोर म्हणून विचारतात. ती तेच वाक्य म्हणते. मराठीत तिची जीभ रेटत नाही, नेपाळी येत नाही. तिसऱ्या भाषेत मात्र दोघंही सारखेच कच्चे, म्हणून धीर होतो.

अडलंय ते त्याच्याआधीच्या प्रकरणात. हिने फोनवर सांगितल्यावर आई बराच वेळ गप्प बसते, आणि मग विचारते, "स्वयंपाक येतो म्हणालीस ना त्याला?" त्यावर हिने काय म्हणावं? तू सांगलीत वाढलीस, तुझ्या आईला ओळखतेस. विचार करून कळव. तोवर पुढचं पान कोरंच ठेवते.

तुझीच