वजनकाट्याकडे पाठ करून उभं राहू देणाऱ्या दवाखान्यातल्या ताईंना

नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितेय.

मधुमेह निघाल्यावर पहिल्या दवाखान्यात हातात छापील तक्ता पडला: ओट्स, ऑलिव्ह तेल, ब्रोकोली. आमच्याकडे सुकट, नाचणीची भाकरी, उकड्या तांदळाचा भात. वर्षभर मी चोरून जेवले. पंगतीत बसायची लाज वाटायची.

ताई, तुम्ही काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला नाहीत. आधी विचारलंत, "घरी काय शिजतं?" सुकटीचं नाव घेताना मी चाचरले, तर तुम्ही म्हणालात, "चांगली प्रथिनं आहेत की त्यात, कॅल्शियमही. फक्त मीठ जास्त, नीट धुऊन घ्या." भात बंद नाही; बेताचा, आणि आधी भाजी नि मासा, मग भात. (या क्रमाला सासूबाई अजून हसतात.)

आणि बाकावर शेजारी बसलेल्या काकू, तुम्ही डब्यातली अर्धी भाकरी पुढे केलीत. "उपाशीपोटी रडू नये गो," म्हणालात. ती मी सगळ्यांसमोर खाल्ली.

परवा भाचीच्या हळदीला पंगतीत बसले. सागोती आणि 2 वडे. तिसरा नको म्हटलं ते पोट भरलं म्हणून, भीतीने नाही. तुम्हां दोघींचे मनापासून आभार.