बीजगणितालाही प्रात्यक्षिकाचे तास हवेत : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षण मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी विद्यापीठात पदव्युत्तर वर्गाला अमूर्त बीजगणित, म्हणजे बेरीज-गुणाकारासारख्या क्रियांच्या नियमांचा अभ्यास, शिकवतो, आणि हे पत्र त्या एका विषयापुरतेच आहे. ग्रुप, रिंग, मॉड्यूल, फील्ड या अशा क्रियांच्या रचना आणि शेवटी समीकरणांची उकल तपासणारा गाल्वा सिद्धान्त हे सगळे एका सत्रात उरकायचे, आणि मग तीन तासांच्या लेखी परीक्षेत पाठ केलेल्या सिद्धता उतरवून घ्यायच्या, या पद्धतीने विषयाचे काय होते हे वर्गात रोज दिसते. अभ्यासक्रमाची फेररचना आपल्या खात्यापुढे येईल तेव्हा ते आपल्यालाही दिसावे, अशी इच्छा आहे.

एका वहीतले उदाहरण सांगतो. संख्यांना ६ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचा एक ग्रुप, म्हणजे बेरीज करता आणि उलटवता येणारा संच, असतो, ४ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचा दुसरा. पहिल्यातून दुसऱ्यात जाणारे होमोमॉर्फिझम, म्हणजे बेरीज टिकवणारी फलने (प्रत्येक घटकाला एकच उत्तर देणारे नियम), शोधा, असा प्रश्न मी दिला होता. एका हुशार विद्यार्थिनीने लिहिले की प्रत्येक संख्येचा पहिल्या ग्रुपमधला शेषवर्ग (सारखीच बाकी उरणाऱ्या संख्यांचा गट) त्याच संख्येच्या दुसऱ्या ग्रुपमधल्या शेषवर्गाकडे पाठवावा. बेरीज टिकते हे तिने पडताळले आणि खाली ‘सिद्ध झाले’ असे लिहून रेघ मारली. पण पहिल्या ग्रुपमध्ये ० आणि ६ हा एकच घटक आहे. तिच्या नियमाने ० जाते ० कडे, आणि ६ जाते २ कडे. एकाच घटकाला दोन उत्तरे मिळाली, म्हणजे ते फलनच झाले नाही. मी समासात एवढेच लिहिले : ‘प्रतिनिधी बदलला तर?’ म्हणजे, त्याच शेषवर्गातली दुसरी संख्या घेतली तर?

याच विद्यार्थिनीने आधीच्या परीक्षेत आयसोमॉर्फिझमचे पहिले प्रमेय, म्हणजे होमोमॉर्फिझमविषयीचे मूलभूत प्रमेय, एकही चूक न करता सिद्ध केले होते, आणि त्या सिद्धतेची सुरुवातच फलन वेल-डिफाइन्ड आहे, म्हणजे प्रतिनिधी बदलला तरी उत्तर बदलत नाही, हे दाखवण्यापासून होते. ती ओळ तिने लिहिली होती, पण ती तिथे कशासाठी आहे हे तिला कधी भेटलेच नव्हते. वही परत मिळाल्यावर ती दोन दिवसांनी आली, आणि असे फलन नेमके केव्हा बनते, १ ला कुठे पाठवता येते आणि कुठे नाही, हे तिने फळ्यावर स्वतः मांडले. क्वोशंट ग्रुप (असे वर्ग हेच घटक मानून बनणारा ग्रुप) म्हणजे काय हे तिला त्या दिवशी कळले, असे मी खात्रीने म्हणतो. त्यासाठी लागले ते एवढेच : कोणीतरी तिची वही ओळन् ओळ वाचली.

मी स्वतः शिकत असतानाही हेच घडले होते. ग्रुपमध्ये कोणत्या आकाराचे उपग्रुप असतात आणि किती, हे सांगणारी सिलोची तिन्ही प्रमेये मी परीक्षेत लिहिली आणि उत्तम गुण मिळवले. पुढे एका मुलाखतीत मला विचारले गेले की १५ घटकांचा प्रत्येक ग्रुप सायक्लिक, म्हणजे एकाच घटकापासून बनलेला, का असतो. उत्तर त्याच प्रमेयांतून तीन-चार ओळींत निघते : ३ घटकांचा उपग्रुप एकच असू शकतो, ५ घटकांचाही एकच, म्हणून दोन्ही नॉर्मल (ज्यांवरून क्वोशंट ग्रुप बनतो असे), आणि बाकीचे ओघाने येते. मी गप्प राहिलो. प्रमेय वापरायचे असते, हे मला दोन वर्षांत कोणी करायला लावले नव्हते, आणि त्याची खंत मला आजही वाटते.

या विषयाला वेळ का लागतो, हे त्याच्या इतिहासातच दिसते. आयडियल म्हणजे रिंगमधला असा उपसंच, की त्यातल्या घटकांची बेरीज-वजाबाकी आणि रिंगमधल्या कोणत्याही घटकाशी त्यांचा गुणाकार त्याच्यातच राहतो; त्याची व्याख्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींची असते. पण मार्च १८४७ मध्ये पॅरिसच्या अकादमीत गणिती लामे यांनी फर्माच्या अंतिम प्रमेयाची (दोनपेक्षा मोठ्या घातांकाच्या दोन पूर्ण घातांची बेरीज तशीच पूर्ण घात नसते) सिद्धता मिळाल्याचे जाहीर केले, तेव्हा पूर्णांकांत नव्या संख्या मिसळून केलेल्या विस्तारित संख्यांचेही अवयव एकाच प्रकारे पडतात असे त्यांनी गृहीत धरले होते. लिऊव्हिल यांनी तिथेच शंका काढली, आणि ते गृहीतक सर्वत्र खरे नाही हे कुमर यांनी त्याआधीच दाखवलेले होते. उणे ५ चे वर्गमूळ पूर्णांकांत मिसळले की ६ चे अवयव २ गुणिले ३ असेही पडतात, आणि १ अधिक ते वर्गमूळ गुणिले १ उणे ते वर्गमूळ असेही, आणि यांतला एकही अवयव पुढे फुटत नाही. हरवलेली एकमेवता परत मिळवण्यासाठी डेडेकिंड यांनी १८७१ मध्ये आयडियलची कल्पना मांडली, आणि तिला आजचे सर्वसाधारण रूप एमी नोएथर यांच्या १९२१ च्या निबंधाने दिले. ज्या व्याख्येमागे पाऊणशे वर्षांची अडचण उभी आहे, ती आम्ही एका तासात सांगून पुढच्या तासाला मॉड्यूलकडे वळतो. विद्यार्थ्याने ६ चे ते दोन प्रकारचे अवयव स्वतः पाडून, ते पुढे का फुटत नाहीत हे स्वतः तपासले नसेल, तर आयडियल हा त्याच्यासाठी केवळ एक शब्द राहतो.

उपयोगाविषयी थोडक्यात सांगतो, कारण निधीच्या चर्चेत तो प्रश्न येतोच. खरचटलेल्या सीडीतून गाणे आणि डाग पडलेल्या क्यूआर कोडमधून मजकूर परत मिळतो तो रीड आणि सोलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या कोडमुळे, आणि ते कोड सांत फील्डवर, म्हणजे मोजक्या घटकांच्या आणि बेरीज ते भागाकार सगळे चालणाऱ्या रचनेवर, उभे आहेत. एईएस ही कूटलेखनाची पद्धत २५६ घटकांच्या फील्डमध्ये गणित करते. हे काम पुढे नेणारी माणसे याच वर्गांतून तयार व्हायची आहेत.

म्हणून माझी मागणी अशी आहे. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राला प्रात्यक्षिकाचे तास कोणी नाकारत नाही, आणि प्रयोग न करता त्या विषयांची पदवी देण्याचा विचारही कोणी करत नाही. बीजगणिताचे प्रात्यक्षिक म्हणजे उदाहरणे सोडवण्याचा तास. तो दर आठवड्याला वेळापत्रकात असावा आणि शिक्षकाच्या कार्यभारात मोजला जावा. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या सिद्धता तपासण्यासाठी संशोधक विद्यार्थ्यांची मानधनावर नेमणूक व्हावी. त्यांचा स्वतःचा विषयही त्यातून पक्का होतो. अभ्यासक्रम दोन सत्रांत विभागावा, आणि त्यासाठी यादीतले काही गाळावे लागले तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे. परीक्षेतले निदान निम्मे गुण आधी न पाहिलेल्या प्रश्नांना असावेत. यासाठी उपकरणे लागत नाहीत, नवी इमारत लागत नाही. फळा, वह्या आणि त्या वाचणारी माणसे लागतात.

आपण या विषयावर समिती नेमल्यास तिच्यासमोर येण्याची माझी तयारी आहे. विद्यार्थ्यांची संमती घेऊन आणि नावे झाकून एका सत्रातल्या तपासलेल्या वह्याही मी सोबत आणीन. समासातले प्रश्न आणि त्यांना आठवड्याभराने आलेली उत्तरे समितीने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
पदव्युत्तर वर्गाचा एक बीजगणित शिक्षक