टास्कबार गायब झाला म्हणून अख्खं मशीन बंद करायला लावू नका

संपादक साहेब,

तुमच्या पुरवणीत अधूनमधून कम्प्युटरच्या टिप्स येतात त्या मी आवडीने वाचतो, पण तक्रार काहीही असो शेवटी उपाय एकच असतो, मशीन रीस्टार्ट करा. टास्कबार गायब झाला, रीस्टार्ट. डेस्कटॉपवरचे आयकॉन दिसेनासे झाले, रीस्टार्ट. त्यानं काम होतं हे खरंय, पण चार फाइली उघड्या असतात, एखादी सेव्ह केलेली नसते, ती जाते ना राव. आणि बंद पडलेला असतो तो एकच तुकडा, बाकी सगळं मागे व्यवस्थित चालू असतं.

डेस्कटॉप म्हणून आपण जे बघतो तो एकच प्रोग्राम नसतो हे लोकांना कुणी सांगतच नाही. विंडोजमधे टास्कबार, स्टार्ट मेनू, डेस्कटॉपवरचे आयकॉन हे सगळं मुख्यतः एक्सप्लोरर नावाचा प्रोग्राम सांभाळतो, तो उडाला तरी तुमचं वर्ड, ब्राउझर जागेवरच असतं. आणि तो उडाला की विनलॉगऑन, म्हणजे लॉगिन सांभाळणारा विंडोजचा भाग, त्याला परत उभा करतो, त्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) ऑटोरीस्टार्टशेल नावाची सेटिंगच आहे. मॅकवर हेच काम लाँचडी नावाचा मागे चालणारा प्रोग्राम करतो, फाइंडर (फाइली दाखवणारा) किंवा डॉक (खालची आयकॉनची पट्टी) बंद पडला की लगेच उठवतो. लिनक्सवर केडीई प्लाझ्मा नावाच्या डेस्कटॉपचं पॅनल, म्हणजे तिथला टास्कबार, गेलं तर सिस्टमडी हा बाकीचे प्रोग्राम चालू-बंद करणारा प्रोग्राम ते परत चालू करतो. म्हणजे स्क्रीन एकदा लुकलुकते, टास्कबार जातो आणि येतो, ते पाहून लोक घाबरून पॉवर बटण दाबून धरतात तेव्हा मशीननं स्वतःच दुरुस्ती उरकलेली असते!

आता एवढं चांगलं असताना पत्र कशाला लिहितोय, तर हे आपोआप उठवणं वाटतं तितकं सोपं नाहीये आणि बनवणारे पण त्यात घोळ घालतात. समजा पॅनलच्या सेटिंगची फाइलच खराब झालीय. पॅनल चालू होणार, ती फाइल वाचणार, उडणार, परत चालू होणार, परत तीच फाइल वाचणार, असं चालतच राहणार, पंखा घरघरतोय आणि स्क्रीन नाचतेय. म्हणून मर्यादा लागते. सिस्टमडीत ठरलेली मर्यादा आहे 10 सेकंदांत 5 वेळा, त्याच्या पुढे तो नाद सोडून देतो. ऐकायला छान, पण हिशोब करून बघा, पॅनल चालू झाल्यावर 3 सेकंदांनी उडत असेल तर 10 सेकंदांत 5 वेळा कधी होणारच नाही, मग मर्यादा असून नसल्यासारखी, रात्रभर हाच खेळ. प्रत्येक तुकड्याला उभं राहायला किती वेळ लागतो ते बघून आकडे बदलायला हवेत, बरेच जण आहे तेच ठेवतात. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालून मोकळं व्हायचं, तसला प्रकार.

दुसरं, उडालेला आणि अडकलेला यात फरक आहे. प्रोग्राम मेला तर सिस्टमला कळतं, पण तो जिवंत राहून नुसता थिजला असेल तर तिच्या हिशोबी सगळं आलबेल आहे, ती काहीच करणार नाही. त्यासाठी वॉचडॉग लागतो, म्हणजे प्रोग्रामनं ठरावीक वेळानं मी आहे असं कळवायचं आणि नाही कळवलं तर त्याला मारून परत चालू करायचं, पण ही सोय प्रत्येक तुकड्याला लावलेली असते असं नाही, त्यामुळे हँग झालेला टास्कबार बऱ्याचदा आपल्यालाच उठवावा लागतो.

परत आला म्हणजे सगळं जसंच्या तसं आलं असंही नाही बरं का. विंडोजमधे टास्कबार नव्यानं उभा राहिला की तो सगळ्या प्रोग्रामना तसा निरोप पाठवतो, ज्यांनी तो ऐकायची तसदी घेतलीय त्यांचे घड्याळाशेजारचे छोटे आयकॉन परत दिसतात आणि बाकीचे प्रोग्राम मागे चालू असून दिसत नाहीत, मग माणूस तोच प्रोग्राम परत उघडायला जातो. आणि एक्सप्लोररमधून मोठी फाइल कॉपी होत असेल तर ती कॉपी त्याच्याबरोबरच जाते, हे तर रीस्टार्ट करण्याआधी बघायलाच हवं.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे लिनक्समधलं वेलँड, स्क्रीनवर विंडो दाखवायची नवी पद्धत. त्याच कामाच्या जुन्या एक्स सिस्टममधे विंडो मॅनेजर (विंडो मांडणारा प्रोग्राम) पडला तरी विंडो जिवंत राहायच्या, ग्नोम नावाच्या लिनक्स डेस्कटॉपमधे ऑल्ट-एफ2 दाबून आर (r) टाइप केलं की शेल, म्हणजे पॅनल वगैरे दाखवणारा भाग, नव्यानं चालू व्हायचं आणि काम तसंच. वेलँडमधे स्क्रीनवर चित्र काढणारा कंपोझिटरच सर्व्हर असतो, तो गेला की त्याच्याशी जोडलेले ॲप्सही जातात, मग त्याला आपोआप उठवून उपयोग काय, घर रिकामंच. यावर केडीईवाल्यांनी खरोखर मेहनत घेतलीय, प्लाझ्मा 6 मधे (फेब्रुवारी 2024) कंपोझिटर पडून परत उठला तर क्यूटी या ॲप्स बनवायच्या साधनावर बनलेले बरेच ॲप्स त्याला पुन्हा जोडून घेतात. माझ्या मते खरं काम हे, नुसतं मेलेल्याला उठवणं नाही.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही, ती म्हणजे गुपचूप उठवणं. दिवसातून दहादा पॅनल उडतंय आणि वापरणाऱ्याला पत्ताच नाही, मग दोष बनवणाऱ्यापर्यंत पोचणार कसा? सिनॅमन हा लिनक्सचा आणखी एक डेस्कटॉप निदान स्पष्ट सांगतो की मी क्रॅश झालोय, परत चालू करू का. कुणाला ते कटकटीचं वाटेल, मला प्रामाणिक वाटतं. दर वेळी विचारू नका हवं तर, पण एक ओळीची सूचना द्या, काय पडलं, कितव्यांदा पडलं.

तुमच्या पुढच्या टिप्समधे जागा असेल तर एवढं छापा: विंडोजमधे टास्कबार नसला तरी कंट्रोल-शिफ्ट-एस्केपनं टास्क मॅनेजर उघडतो, यादीत विंडोज एक्सप्लोररवर राइट क्लिक करून रीस्टार्ट करता येतं, आणि तो यादीतच नसेल तर नवीन टास्क चालवा म्हणायचं आणि तिथे इंग्रजीत explorer टाइप करायचं. आधी उघड्या फाइली ऑल्ट-टॅबनं शोधून सेव्ह करून घ्यायच्या.

आपला,
एक नियमित वाचक