वाशिष्ठीचा गाळ डंपरमध्ये नको, नदीत मोजा

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं. त्याच डिसेंबरात वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले. पुढे पोकलेन उतरले, डंपर धावले. हे काम झालं याचं समाधान आहेच. पण किती गाळ निघाला हे खेपा मोजून सांगणं मला पटत नाही. उपसलेला गाळ सुटा होऊन फुगतो, त्यामुळे डंपरमधला ब्रास (शंभर घनफूट) आणि नदीतला ब्रास एक नव्हे. शिवाय काठावर टाकलेला ढीग पावसात पुन्हा पात्रात येतो. खेपांच्या वहीत याची नोंद कुठे होणार?

नदी मोजायची रीत वेगळी आहे. एकाच पट्ट्याचं उंचीचं सर्वेक्षण दोनदा करायचं आणि दुसऱ्या नकाशातून पहिला वजा करायचा. कुठे खोदलं गेलं, कुठे भरलं, हे नकाशाच्या प्रत्येक लहान चौकटीगणिक दिसतं. त्यासाठी ‘जिओमॉर्फिक चेंज डिटेक्शन’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अमेरिकेतल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या जो व्हीटन यांचा त्यात मोठा वाटा आहे. त्यामागची पद्धत त्यांनी सहकाऱ्यांसह २०१० साली मांडली, ती स्कॉटलंडच्या फेशी नदीवरच्या सर्वेक्षणांवर तपासून.

वजाबाकी तर एक्सेलमध्येही होईल. या सॉफ्टवेअरचं खरं काम मोजणीत किती चूक असू शकते याचा हिशेब ठेवणं हे आहे. दोन्ही सर्वेक्षणांत प्रत्येकी १० सेंटिमीटरची चूक धरली, तर वजाबाकीतली चूक सुमारे १४ सेंटिमीटर होते. ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे २८ सेंटिमीटरपेक्षा कमी फरकाला बदल म्हणताच येत नाही. खडकाळ तळ, झाडोरा, उभा काठ अशा ठिकाणी चूक जास्त धरावी लागते. तीही सोय त्यात आहे. त्यामुळे उत्तर एका भरघोस आकड्यात येत नाही, ‘इतके घनमीटर, इतके कमी-जास्त’ असं येतं. असं उत्तर विधानसभेत द्यायला अवघड असेल, पण खरं तेच असेल.

सॉफ्टवेअर जादू करत नाही, हेही सांगतो. सर्वेक्षणाचा बेंचमार्क, म्हणजे ज्यावरून सगळ्या उंच्या मोजतात तो पक्का बिंदूच, १० सेंटिमीटरने घसरला, तर एका हेक्टरवर १००० घनमीटर, म्हणजे साडेतीनशे ब्रास गाळ कागदावर निघतो किंवा गायब होतो. पात्र मात्र होतं तसंच. साध्या ड्रोनला गढूळ पाण्याखालचा तळ दिसत नाही. तिथे होडीतून इको-साउंडरच, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्रच हवं. त्यात खाडीची भरती चिपळूणपर्यंत येते आणि कोयनेच्या वीजगृहांतलं पाणी वाशिष्ठीत उतरतं. तळाची पातळी त्या त्या वेळच्या पाण्याच्या पातळीशी जुळवली नाही, तर आपण भरती-ओहोटीच मोजत बसू.

म्हणून पुढच्या निविदेत देयक दोन सर्वेक्षणांच्या फरकावर ठेवा आणि सर्वेक्षण ठेकेदाराकडे नको, वेगळ्या संस्थेकडे द्या. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर, त्याच बेंचमार्कवरून. नदीने स्वतः किती गाळ परत आणला ते त्याशिवाय कळायचं नाही. पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या निळ्या-लाल पूररेषा आखताना लागणारे पात्राचे आडवे छेदही त्यातूनच ताजे मिळतील. आणि मोजणीचे मूळ बिंदू विभागाच्या संकेतस्थळावर टाका. नुसती पीडीएफ नको. वजाबाकी आम्हालाही करून बघायची आहे.

आपला,
वाशिष्ठीकाठचा एक नागरिक