बोकडाच्या तोंडावर शिक्का

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला लहान मुलांच्या वाचनावरचा लेख वाचला. मोबाइल, कार्टून, आईबाप या सगळ्यांना यथेच्छ झोडपून लेखकमहाशय मोकळे झाले. वाचनालयांना मात्र ‘ज्ञानमंदिरे’ म्हणून हात जोडलेत. देवळाची उपमा तशी बरोबरच आहे. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या अशाच एका मंदिरात गेल्या महिन्यात साडेतीन वर्षांच्या नातीला घेऊन गेलो, तर देव कुलपात होते.

चित्रांची पुस्तके काचेच्या कपाटात, तीही ओळीने उभी खोचलेली. बत्तीस पानांच्या, दोन पिना मारलेल्या पुस्तकाला कणा असतो कुठे? बाहेरून दिसते ती नुसती कागदाची धार. जिला अजून अक्षर येत नाही तिने त्यातून काय निवडायचे? विचारले तर कोकणीत उत्तर आले, “भुरगीं पिंजतात, म्हणून बंद.” म्हणजे पोरे फाडतात.

किल्ली सापडायला वीस मिनिटे गेली. एका बोकडाचे पुस्तक हाती आले. पहिल्याच पानावर बोकड कुंपणातून डोकावतोय आणि त्याच्या बरोबर तोंडावर वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का! शाई डोळ्याखाली ओघळलेली. नात म्हणाली, “आबा, ह्याला लागलंय.” पुढच्या पानावर शिक्का नव्हता, तर “बरं झालं.” आणखी चार पानांनी पाठीवर पुन्हा शिक्का. “परत पडला!” मजकुरात बोकड बाजाराला निघाला होता, हे मी सांगून पाहिले. तिने ऐकले नाही आणि तिचे काहीच चुकले नाही. या वयात चित्र हाच मजकूर असतो. ज्ञानेश्वरीच्या ओवीवर कोणी शिक्का मारील का?

पुस्तक घरी मिळाले नाहीच. मोठ्यांच्या कार्डावर बालविभागातले देत नाहीत आणि पाच वर्षांखालच्यांना कार्ड नाही. पणजीला कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग आहे, ठाऊक आहे. १८३२ सालची संस्था, आदरच आहे. पण सत्तरीतून एवढे पोर घेऊन बसने जाऊन संध्याकाळच्या आत परतायचे, हे लेखकमहाशयांनी एकदा करून पाहावे.

फाडतात, कबूल. आमच्या घरी मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके होती, ‘रादुगा’ प्रकाशनाची. १९९१ साली तो सोव्हिएत देशच मोडला आणि पुस्तके यायची थांबली. त्यातल्या एका अस्वलाचा पाय माझ्या मुलाने खाल्ला होता. खरोखरच, चावून. पुस्तक अजून आहे, पाय नाही. त्या मुलाची मुलगी आता अस्वलाला ‘लंगडोबा’ म्हणते आणि रात्री तेच पुस्तक मागते. काचेआडचे बोकड मात्र अगदी धड आहेत, शिक्के सोडले तर.

जाता जाता, तुमच्या रविवारच्या पुरवणीतल्या ‘चित्र रंगवा’विषयी. कागद असा की स्केचपेन टेकवला की आरपार. नातीने मोर मन लावून हिरवा केला आणि पाठच्या श्रद्धांजलीतल्या एका सद्गृहस्थांचे दोन्ही गाल हिरवे झाले. त्यांच्या घरच्यांनी पाहिले तर काय म्हणतील? निदान त्या पानामागे काजूचे भाव तरी छापा.

आपला,
एक आजोबा, सत्तरी