सगळ्या घराला मधमाश्या शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

मधपेटी ठेवायची हौस माझी. पण तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत, "घरातले सगळे येणार असतील तरच पेटी उघडतो." आज त्या अटीसाठीच तुमचे मनापासून आभार मानायचे आहेत. घरच्यांच्या नाराजीवर हा छंद टिकत नाही. माश्या सगळ्यांच्याच डोक्यावरून ये-जा करतात.

माशी चावून कुणाला कधी अंगभर पुरळ उठलंय का, धाप लागलीय का, हे तुम्ही सगळ्यांत आधी विचारलंत. सासूबाईंची भीती हसण्यावारी नेली नाहीत. कातडीत अडकलेली नांगी माशीपासून तुटल्यावरही विष सोडत राहते, म्हणून ती लगेच नखाने खरवडायची. डंखाच्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास येतो, तो बाकीच्या माश्यांना धोक्याचा इशारा असतो, आणि धुराने तो झाकला जातो, हे तुम्ही त्यांच्या शेजारी बसून समजावलंत. कारण कळलं आणि त्यांची भीती ओसरली. आता आज कोणत्या रंगाचे परागकण आले, ते रोज त्याच आम्हाला सांगतात!

आणि लेकीला दाखवलेलं ते अंडं! ऊन तिच्या खांद्यावरून थेट कप्प्यांच्या तळाशी पडेल अशी पोळ्याची चौकट तुम्ही तिरपी धरलीत. तांदळाच्या कणीहून बारीक, तळाशी उभं असलेलं अंडं तिला माझ्याआधी दिसलं. उभं अंडं ताजं. तिसऱ्या दिवसापर्यंत ते आडवं होतं, मग त्यातून अळी निघते. म्हणजे अंडं दिसलं की गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती असं सहसा समजायचं. तिला शोधण्यासाठी सगळी पेटी विस्कटायला नको. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण त्यामुळे आमच्या तपासण्या लवकर आटोपतात आणि माश्यांना त्रास कमी होतो. नोंदवही लेकीकडेच आहे.

भरलेला मधकक्ष, म्हणजे पेटीचा वरचा मधाचा भाग, उचलायचं काम नवऱ्याने आपणहून अंगावर घेतलंय. मधकक्षाच्या वजनाने माझी तर कंबरच धरते.

वरच्या चौकटींवर मेणाची झाकणं चढू लागली आहेत. पुरेशी झाकणं चढल्याशिवाय मध काढायचा नाही, नाहीतर त्यातलं पाणी जास्त राहून तो आंबतो, हे तुमचं सांगणं घरात सगळ्यांना पाठ आहे. काढायच्या दिवशी मात्र तुम्ही यायलाच हवं. तारीख तुमच्या सोयीने ठरवू.

तुमची,
आणि आमचं सगळं कृतज्ञ घर